अनोळखी छायाचित्रांची ओळख

ग्रंथालय म्हटले, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? पुस्तकांनी भरलेली कपाटे आणि ‘शांतता राखा’ ही पाटी! परंतु मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकांबरोबर नकाशे, हस्तलिखिते आणि छायाचित्रेही जपलेली असतात. कपाटात बंद असलेल्या या ठेव्याचा पत्ता लोकांना लागावा कसा? अमेरिकेतील एका ग्रंथालयाने यासाठी २००८ साली एक प्रयोग केला. तो समजून घेण्याजोगा आहे.

वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ हे जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. ‘बेन न्यूज सर्व्हिस’ या न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थेच्या सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह तेथे आहेत. पूर्वी फिल्मऐवजी काचेवर प्रकाशसंवेदी थर देऊन छायाचित्र टिपत असत. पुष्कळ काचांवर एखादे नाव किंवा दोनचार शब्द लिहिलेले, एवढीच काय ती माहिती! हा माणूस कोण? प्रसंग कोणता? साल कोणते? एवढ्या छायाचित्रांचा माग मूठभर ग्रंथपालांनी काढायचा कसा?

चित्रे चव्हाट्यावर!

१६ जानेवारी २००८ रोजी ग्रंथालयाने सुमारे ३,१०० छायाचित्रे ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर मांडली. त्यांतील जवळजवळ निम्मी बेन संस्थेची, तर उरलेली १९३९ ते १९४४ या काळातील रंगीत चित्रे होती. ज्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क असल्याचे ठाऊक नाही, अशीच चित्रे मुद्दाम निवडली होती. कोणीही यावे, चित्र पाहावे, खाली अभिप्राय लिहावा आणि ओळखीचे शब्द, म्हणजे ‘टॅग’, जोडावेत, अशी सोय होती.

टॅगचा उपयोग काय? समजा, सूचीकाराने एका चित्राची नोंद ‘वाहतूक’ या शब्दाखाली केली आहे. तुम्ही मात्र ‘टांगा’ शोधत आहात. मग ते चित्र तुम्हांला सापडेल का? पाहणाऱ्याने ‘टांगा’ हा टॅग जोडला, की वाट मोकळी होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ही चित्रे १ कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली. लोकांनी ६७,००० हून अधिक टॅग जोडले आणि ७,००० हून अधिक अभिप्राय लिहिले. अयोग्य म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर २५ ठिकाणीही नव्हता! कोणी जुन्या वर्तमानपत्रांतील बातमी शोधून काढली, कोणी इमारतीवरून गाव ओळखले. अर्थात, कोणी सांगितले म्हणून ते खरे मानले नाही. ग्रंथपालांनी पडताळा घेतला आणि मगच सूचीत बदल केले. अशा रीतीने ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या. नाव हरवलेल्या माणसांना त्यांची ओळख परत मिळाली.

जानेवारी ते मे २००८ या काळात ग्रंथालयाच्या स्वतःच्या छायाचित्र-सूचीला मिळणाऱ्या भेटीही आदल्या वर्षीच्या मानाने २० टक्क्यांनी वाढल्या. पण थांबा! ही वाढ या प्रयोगामुळेच झाली, असे एवढ्यावरून सिद्ध होते का? नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी तुलना हवी.

तुम्हीच करून पाहा

ही तुलना तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात करता येईल. साधारण सारखीच मागणी असलेल्या पुस्तकांच्या १० जोड्या निवडा. नाणेफेक करून प्रत्येक जोडीतील एक पुस्तक ठरवा. त्याचे छायाचित्र व दोन ओळींची ओळख शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या समाजमाध्यमाच्या खात्यावर द्या. चार आठवडे देवघेवीच्या नोंदवहीतून दोन्ही गटांतील पुस्तके किती वेळा नेली गेली, ते मोजा.

छायाचित्र घेताना एक काळजी घ्या. गुळगुळीत वेष्टनावर प्रकाश समोरून पडला, तर तो परत भिंगात शिरतो आणि चित्रात पांढरा डाग उमटतो. आपातकोन आणि परावर्तनकोन समान असतात, हा नियम आठवा आणि प्रकाश बाजूने येऊ द्या. आतल्या पानांची चित्रे मात्र सहसा टाळा, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मित्रांचे चेहरेही परवानगीवाचून देऊ नका.

फरक पडला तर किती? पडला नाही तर का? उत्तर कोणतेही येवो, आकड्यांचा तक्ता करून तो ग्रंथपालांपुढे ठेवा. पुढच्या वेळी कोणती पुस्तके कपाटाबाहेर आणायची, हे ठरवायला त्यांना त्याचा नक्कीच उपयोग होईल.