घोरणं, बीपी आणि बैठकीतली डुलकी



आमच्या गटातल्या एक काकू मासिक बैठकीत पासबुक हातात धरूनच डुलक्या घ्यायच्या. बालाजीच्या यात्रेत रात्र जागवल्यावर येते तशी झोप त्यांना रोजच. आम्ही हसायचो, आता त्याची लाज वाटते. काकूंना बीपी, शुगर दोन्ही. बीपीच्या गोळ्या एकाच्या तीन झाल्या, तरी बीपी काही उतरेना. शेवटी सुनेनं रात्री मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. घोरणं मध्येच बंद, श्वासही बंद, मग एकदम दचकून मोठा श्वास. डॉक्टरांनी तो पाहिला आणि झोपेची तपासणी करायला सांगितली.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. श्वास निदान १० सेकंद अडतो, तेही तासात ५ किंवा जास्त वेळा. रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून उठवतो, बीपी चढतं. रात्रभर हेच चाललं तर सकाळची गोळी एकटी किती पुरणार? शुगरही आवरत नाही. थायरॉइड कमी असेल तर हा त्रास आणखी वाढतो. ‘डिस्को डान्सर’चे संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता.

बायका घोरतातच असं नाही. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दिवसभर थकवा. आपण म्हणतो, रक्त कमी असेल. रक्त तपासाच, पण झोपेचंही डॉक्टरांना सांगा.

काकूंना सीपॅप मशीन मिळालं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब येतो, वाट उघडी राहते. आजार मुळासकट जात नाही, म्हणून मशीन रोज रात्री लावायचं आणि मास्क रोज धुवायचा. आपल्याकडे लाइट जाते, तेव्हा घेतानाच बॅटरीचं विचारून ठेवा. बरं वाटलं म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, त्यानं श्वास जास्त अडू शकतो. कुशीवर झोपल्यानं काहींना बरं पडतं.

कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. मशीन पिशवीत घालून सोबत न्या.