आवाज फुटला म्हणून गाणे सोडावे काय?

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावर गावोगावी झाकरीची तालीम सुरू होते. ढोलकी-झांजा बाहेर निघतात आणि पंधरा दिवसांत निम्म्या मंडळींचे घसे बसतात. भारतात हे दिवस पावसाचे. आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीचे. वाक्वा, क्युरपीपच्या बाजूला तर रात्री गार वारा आणि भुरभुर पाऊस. अशा हवेत उघड्यावर, ढोलकीच्या वरताण ओरडून गायचे म्हणजे घशाने किती सोसावे?

आमच्या गावातला एक चौदा वर्षांचा मुलगा तीन वर्षे झाकरीला पुढे उभा राहून गात असे. गेल्या चतुर्थीला तिसऱ्या रात्री वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकला. लोक हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या दिवसापासून पोराने गाणे बंद केले. त्याची आई परवा आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही गाण्यातले जाणकार. याचा आवाज गेला का हो?"

आवाज गेला नव्हता. तो मोठा होत होता. बारा ते पंधराच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडाच. या काळात गाणे अगदी बंद करण्याचे कारण नाही. मात्र जुन्या पट्टीचा हट्ट सोडावा. षड्ज खाली घ्यावा, पाच-सहा सुरांतच हलक्या आवाजात गावे, चिरकले की थांबावे. वर्ष-दोन वर्षांत नवा आवाज बसतो.

त्या माउलीला आम्ही भास्करबुवा बखल्यांची गोष्ट सांगितली. बुवा (१८६९–१९२२) लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गात. वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीत त्यांची किंमत राहिली नाही. ते बडोद्याला फैजमहंमद खाँकडे शिकायला गेले. पुढे नत्थन खाँ, मग अल्लादिया खाँ. ज्या मुलाचा आवाज नाटकाला चालेना, त्यानेच १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला, 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या आणि बालगंधर्वांसारखा शिष्य घडवला.

अल्लादिया खाँसाहेबांचा (१८५५–१९४६) आवाज तर ऐन तारुण्यात, दरबारात अतोनात गाण्यामुळे बसला. जुना आवाज पुन्हा आलाच नाही. मग जो हाती राहिला त्याला शोभेल असे गाणे त्यांनी बसवले. केसरबाई आणि मोगूबाई ज्या गायकीत वाढल्या ती हीच.

आता थोडे शरीराचे. काळी एकचा षड्ज पुरुषाने लावला की त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आदळतात. तार षड्जाला २७७ वेळा. बाई काळी पाचवर गायली तर षड्जालाच २३३. रात्रभराचा हिशेब वाचकांनीच करावा! त्यात ओरडणे आले की तंतू सुजतात. रोज ओरडले तर त्यांवर छोट्या गाठी येतात. या गाठी बहुधा विश्रांतीने आणि बोलण्या-गाण्याची सवय सुधारल्याने जातात, क्वचितच शस्त्रक्रिया लागते. पण घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावेच. केवळ काढे पीत बसू नये.

काढ्यांवरून आठवले. तूप, मध, ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते, हे खरे. पण आपण गिळतो ते अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना शिवत नाही. वाफ मात्र तिथवर पोचते. दिवसभर पाणी पीत राहावे, त्याने आतला ओलावा टिकतो. गाण्यापूर्वी 'घसा मोकळा करायला' म्हणून रमचा घोट घेणारेही आपल्यात आहेत. उसाच्या या बेटावर आम्ही आणखी काय बोलावे? घसा त्याने कोरडाच पडतो. आणि बसलेल्या घशाने कुजबुजू नये, कुजबुजण्यानेही ताण पडतो. त्यापेक्षा गप्प राहावे.

सकाळी तंबोऱ्यावर किंवा पेटीवर मंद्र सप्तकातला एकेक सूर आकारात, न ढकलता, स्थिर धरावा. जुने गवई याला खरजाचा रियाज म्हणत. नवशिक्याला वीस मिनिटे पुष्कळ झाली. श्वास पोटापर्यंत घ्यावा, खांदे उचलू नयेत. पट्टी स्वतःची शोधावी. मंद्र पंचम ऐकू येईल इतका लागतो आणि तार मध्यम-पंचमाला मानेच्या शिरा ताठत नाहीत, असा षड्ज आपला. कॅसेटमधल्या गायिकेची पट्टी आपली नव्हे. लाउडस्पीकर भाड्याने आणतो, मग त्याच्यासमोर ओरडतो कशाला, हे कोडे आम्हाला अजून उलगडलेले नाही.

आमच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरी क्रिओल, शाळेत इंग्रजी-फ्रेंच. मराठी बहुधा गाण्यातच भेटते. त्यामुळे 'ळ'चा 'ल' होतो आणि 'चांदणे' व 'चंद्र' यांतला 'च' एकच होऊन जातो. गाणे पाठ करण्यापूर्वी ते आजीकडून बोलून घ्यावे, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. आजी नसेल तर मराठीच्या गुरुजींकडे जावे.

ज्यांना गाण्यावर पोट भरायचे आहे त्यांना स्पष्ट सांगतो: नोकरी लगेच सोडू नका. लग्नसराई आणि हॉटेलांतल्या संध्याकाळी थोडे पैसे देतात, पण रोज त्याच त्या सिनेमाच्या गाण्यांनी शिक्षण थांबते. मोक्याला १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत हिंदुस्थानी गायन शिकता येते. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती मिळवून तिकडे शिकायला जाण्याची वाटही आहे. पेटी वाजवायला शिका. साथ करणाऱ्याला बोलावणे येते, शिवाय घसा बसलेल्या दिवसांतही हातातली कला चालू राहते.

त्या मुलाला आम्ही शनिवारी घरी बोलावले. काळी चारवर गाणारे पोर आता पांढरी एकच्या खालीच बरे लावते. अर्धा तास तो लाजत होता, मग एक सूर जरा लांब धरला आणि स्वतःच चकित होऊन हसला. यंदा झाकरीची पट्टी दोन स्वर खाली घ्यावी, असे आम्ही मंडळींना सुचवले आहे. दोघे-तिघे कुरकुरले, 'जोश राहणार नाही' म्हणाले. बैठक पुन्हा रविवारी आहे.