साडेसातची ताटं: वाल्डॉर्फमध्ये दोघांपुरता स्वयंपाक



वाल्डॉर्फला नव्याने आलेलं जोडपं पहिल्या महिन्यात तीन प्रश्न हमखास विचारतं. घर कुठे बघायचं, जर्मनचा क्लास कुठे लावायचा, आणि संध्याकाळी जेवायला करता काय? पहिल्या दोन प्रश्नांवर सल्ला द्यायला सगळे तयार असतात. तिसऱ्याला मात्र "अगं, होतं काहीतरी" एवढंच उत्तर मिळतं. तर आज त्या 'काहीतरी'बद्दल लिहिते आहे.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हायडेलबर्गच्या दक्षिणेला, साधारण पंधरा हजार वस्तीचं हे गाव. १९७२ साली सुरू झालेल्या सॅप कंपनीचं मुख्यालय इथे आहे, म्हणून पुण्या-बंगळूरची मंडळी इथे येऊन पोचतात. ऑफिसच्या काचेच्या इमारती संपल्या की लगेच शेतं सुरू होतात.

इथल्या संध्याकाळचं गणित जरा विचित्र आहे. भारत उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास पुढे आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे आईशी निवांत बोलायचं तर सहाच्या आत, नंतर तिकडे निजानीज. कॅलिफोर्निया नऊ तास मागे, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपले संध्याकाळचे सहा. त्यांचा दिवस सुरू होतो आणि आपले कॉल्स सुरू होतात. या दोन टोकांच्या मध्ये दोघांनी एकत्र बसायला उरतो जेमतेम तासभर.

बरं, दुपारी कॅन्टीनमध्ये गरम जेवण झालेलं असतं. जर्मन लोक संध्याकाळी 'आबेंडब्रोट' घेतात, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, झालं जेवण. सोपं आहे, वाईट अजिबात नाही. पण ब्रेडला वेळ लागत नाही, आणि म्हणून वाट पण बघावी लागत नाही. एकाने सातला खाल्लं, दुसऱ्याने कॉल म्यूट करून नऊला खाल्लं, असं सहज होतं. दोघंही नोकरीला असलेल्या घरात दिवसभरातलं मराठी बोलणं त्या एका तासातच होतं. तो गेला तर उरतं "वीज बिल भरलंस का?" एवढंच.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: साडेसातला ताटं. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसात ते साडेआठ मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये चक्क 'जेवण' लिहून अडवून ठेवलंय. जर्मन सहकाऱ्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. काम संपल्यानंतरचा वेळ म्हणजे 'फायरआबेंड', तो इथे पवित्र! उलट आपल्याच लोकांना समजावताना जास्त वेळ गेला. :-)

आता नियम पाळायचा तर स्वयंपाक पाऊण तासात व्हायला हवा, आणि तो वाट बघण्यासारखा हवा. त्यासाठी माझं एकच सूत्र आहे: भाजी इथली, फोडणी आपली. पडवळ-तोंडली शोधत फिरायचं नाही. मोहरी, हिंग, हळद, गोडा मसाला आणि दाण्याचं कूट एवढं घरात असलं की सुपरमार्केटमधली कुठलीही भाजी मराठी बोलायला लागते.

शनिवारची तयारी

रविवारी दुकानं बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. रविवार हा शांततेचाही दिवस आहे, हे मात्र मिक्सर लावल्यावर शेजारच्या आजी येऊन सांगतात. म्हणून वाटणं शनिवारीच. आलं-लसूण-मिरची वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. दोघांच्या एका भाजीला एक वडी बरोब्बर पुरते. कांदा-खोबऱ्याचं वाटण तसंच. खोबरं बेकिंगच्या सामानात मिळतं ते कोरडं किसलेलं चालतं, मंद आचेवर खरपूस भाजून घ्या. हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची मोठी जुडी तुर्की दुकानात.

सोमवार: मसुराची आमटी-भात

लाल मसूर, म्हणजे 'रोटे लिन्झेन', इथे सगळीकडे मिळतात आणि त्यांना कुकर लागत नाही. दोघांना अर्धी वाटी पुरे. दोन वाट्या पाण्यात हळद घालून पंधरा मिनिटं शिजवायची. तेलात मोहरी, हिंग, दोन लसूण पाकळ्या, चिरलेला टोमॅटो, एक चमचा गोडा मसाला, गुळाचा खडा, की आमटी तयार. दुसऱ्या शेगडीवर पाऊण वाटी तांदूळ. वसंतात टोमॅटोऐवजी राबार्बरचे दोन देठ चिरून घाला. अंबाडीची आठवण येईल असा आंबटपणा येतो. फक्त देठच वापरायचे, राबार्बरची पानं विषारी असतात.

तूरडाळच हवी असेल तर एक सूचना. इथल्या कुकरला शिटी नसते, दांडीवर रेघा वर येतात. "तीन शिट्ट्या" हा हिशोब विसरायचा. दोन रेघा दिसल्यापासून भिजवलेल्या डाळीला दहा मिनिटं.

मंगळवार: लाउखचा झुणका

लाउख म्हणजे जाडजूड पातीचा कांदा समजा. उभा चिरून पाण्यात नीट धुवायचा, पापुद्र्यांत माती असते. एका मोठ्या लाउखला पाऊण वाटी बेसन. जरा सढळ तेलात मोहरी-हिंग-हळद, तिखट, मग लाउख पाच मिनिटं परतायचा, वरून बेसन भुरभुरायचं, पाण्याचा हबका मारून झाकण. दहा मिनिटांत मोकळा झुणका तयार. याच पद्धतीने श्पिट्सकोल, म्हणजे टोकदार कोबी, पीठ पेरून करता येतो. आपल्या कोबीपेक्षा कोवळा असतो आणि लवकर शिजतो.

बरोबर पोळ्या. जर्मन पिठाच्या पाकिटावरच्या आकड्यांनी सुरुवातीला गोंधळ होतो. टाइप ४०५ म्हणजे १०० ग्रॅम पिठात साधारण ४०५ मिलिग्रॅम खनिजं. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ हा आपला मैदा. पोळीला टाइप १०५० आणि बारीक दळलेलं संपूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेतलं की बरीचशी आपल्यासारखी कणीक होते. काचेच्या शेगडीवर फुलका फुगवायला ज्योत नाही, तेव्हा तव्यावरच फडक्याने कडा दाबायच्या. आणि मंगळवारी उशीर झालाच तर तुर्की युफ्का तव्यावर गरम करा, कुणी नावं ठेवणार नाही.

बुधवार: राईचं थालीपीठ आणि गावची कोशिंबीर

भाजणी संपली म्हणून थालीपीठ थांबवू नका. एक वाटी रॉगेनचं, म्हणजे राईचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, अर्धी वाटी बेसन, एक कांदा, तीळ, ओवा, धने-जिरे पूड, तिखट. राईचं पीठ हाताला फार चिकटतं, म्हणून ओल्या हाताने बेकिंगच्या कागदावर थापायचं आणि कागदासकट तव्यावर उलटायचं. कागद लगेच सोलून काढायचा. राईला मुळात जरा आंबूस, खमंग चव असते, ती भाजणीच्या बरीच जवळ जाते. वर लोणी.

याच्याबरोबर आमच्या गावाच्या नावाची कोशिंबीर. योहान याकोब आस्टोर १७६३ साली वाल्डॉर्फमध्ये जन्मला, अमेरिकेत गेला आणि फरच्या व्यापारात आणि न्यूयॉर्कच्या जमिनींत अफाट श्रीमंत झाला. त्याच्या पणतूने १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये 'वॉल्डॉर्फ' हॉटेल उघडलं, त्या नावाचं मूळ हे गाव. तिथल्या ऑस्कर चिर्कीच्या नावावर वॉल्डॉर्फ सॅलड जमा आहे. त्याच्या १८९६ च्या पुस्तकात सफरचंद, सेलरी आणि मेयोनेझ एवढंच आहे, अक्रोड नंतर आले. म्हणजे इथला माणूस परदेशी गेला आणि त्याच्या गावाचं नाव परक्या ताटात जाऊन बसलं. आपल्यापैकी कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटावी!

आमची आवृत्ती अशी: एक आंबटगोड सफरचंद, सेलरीचे दोन देठ बारीक चिरून, मूठभर अक्रोड, मेयोनेझऐवजी वाटीभर दही, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून तुपात जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. जर्मनीत हे सॅलड बरेचदा सेलरीच्या कंदाचं करतात. तो कंद किसून घेतला तरी छान लागतो.

गुरुवार: मसालेभात

एका पातेल्यात सगळं. तोंडल्यांच्या जागी रोझेनकोल, म्हणजे ते लिंबाएवढे छोटे कोबी, अर्धे चिरून. आधी तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परतायचे, नाहीतर उग्र वास येतो. मूठभर फ्रोझन मटार, एक वाटी तांदूळ, गोडा मसाला, काजू, दोन वाट्या गरम पाणी. वीस मिनिटं झाकून, वर खोबरं-कोथिंबीर आणि तूप. रोझेनकोल थंडीतली भाजी. उन्हाळ्यात कोलराबी घ्या, आपला नवलकोलच तो.

एप्रिलपासून २४ जूनपर्यंत मात्र गुरुवार श्पार्गलचा. शेजारचं श्वेट्सिंगेन श्पार्गलसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या दिवसांत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ताजा मिळतो. पांढरा सोलावा लागतो, म्हणून कामाच्या दिवशी हिरवा घ्यायचा. खालचा निबर भाग मोडून टाकायचा, बोटभर तुकडे, मोहरी-उडीद डाळ-मिरचीची फोडणी, सात-आठ मिनिटं, वर खोबरं. कोवळ्या फरसबीसारखा लागतो. वरणभाताबरोबर दुसरं काही नको.

शुक्रवार: बुर्जी-पाव

चार अंडी, दोन कांदे, एक टोमॅटो आणि शनिवारची एक वडी. पावाला 'मिल्शब्र्योटशेन' घ्यावेत. किंचित गोड असतात, पण मऊ असतात. मधे कापून लोण्यावर भाजा आणि वर थोडं तिखट भुरभुरा. साध्या ब्र्योटशेनचं कवच फार कडक, ते सकाळीच बरं. अंडं न खाणाऱ्यांनी तेवढ्याच फोडणीत पनीर कुस्करावं. गुरुवारचा भात उरला असेल तर तो गार होताच फ्रिजमध्ये टाकून शनिवारी सकाळी परतायचा, आदल्या दिवशीच्या मसालेभातासारखं सुख नाही.

फोडणीच्या धुराबद्दल एक: आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१४ च्या अखेरपासून जुन्या घरांतही झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. स्वयंपाकघराचं दार लावायचं, खिडकी उघडायची आणि मगच मिरची टाकायची. नाहीतर आख्खी बिल्डिंग जेवायला येईल.

शेवटी एक गंभीर मुद्दा. वर जे लिहिलंय ते दोघांनी मिळून केलं तरच पाऊण तासात होतं. आमच्याकडे एकजण चिरतो, दुसरा शेगडीपाशी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. जिथे दोघं नोकरीला आहेत तिथे हे जमून जातं. पण इथे अशीही बरीच घरं आहेत जिथे एकाला नोकरी आहे आणि दुसरं माणूस भारतातली नोकरी सोडून सोबत आलंय. भाषा यायची आहे, ओळखी व्हायच्या आहेत. अशा घरात "ती घरीच असते ना" म्हणून सगळा स्वयंपाक तिच्याकडे (किंवा त्याच्याकडे!) जातो. हिवाळा येईपर्यंत त्या माणसाची जर्मनी म्हणजे ओटा आणि खिडकी एवढीच उरते. ताट वाढून वाट बघत बसणं हे काम होऊन बसतं, आणि उशिरा येणाऱ्यालाही ते ओझं वाटायला लागतं.

त्यावर माझ्याकडे मोठा उपाय नाही, छोटा आहे. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसातून येणाऱ्याने करायचे. ते दोन दिवस दुसऱ्याने संध्याकाळच्या जर्मन क्लासला जायचं आणि साडेसातला आयत्या ताटावर बसायचं. क्लास उशिरा सुटणारा असेल तर ताटं साडेआठला. स्वयंपाक येत नसेल तर मसुराच्या आमटीपासून सुरुवात करा, ती बिघडवायला खास कौशल्य लागतं. मीठ कमी पडेल, भात मऊ होईल. होऊ दे. समोर बसून "आज क्लासमध्ये काय झालं?" विचारणारं माणूस असलं की मऊ भातही जातो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत, लॅपटॉप बंद. तुमच्या गावातली कुठली भाजी फोडणीत बसली ते जरूर कळवा. विशेषतः काळ्या मुळ्यासारखं दिसणारं ते 'श्वार्त्सवुर्त्सेल' कुणी करून बघितलं असेल, तर मी वाट बघते आहे.

आपली,
एक वाल्डॉर्फकर