जर्नल कोण लिहितं?

यूजीसीच्या नियमांवरून देशभर रान पेटलं. अभियांत्रिकीच्या वर्गातला भेदभाव मात्र तक्रारवहीपर्यंत पोचतच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, समतेचे नवे नियम १३ जानेवारी २०२६ ला निघाले आणि २९ जानेवारीला, गुरुवारी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. मधल्या सोळा दिवसांत आपण जेवढे भांडलो, त्याच्या निम्मा वेळही ते नियम वाचायला दिला नसेल. समता पथकं, चोवीस तासांची हेल्पलाइन, ओबीसींचा समावेश, खोट्या तक्रारींचं काय, हे सगळं वाचकांनी वाहिन्यांवर पोटभर ऐकलंय. न्यायालयाला नियमांची भाषा संदिग्ध वाटली आणि त्यांचा गैरवापर होऊ शकतो असंही वाटलं. तोवर २०१२ चेच नियम चालू राहतील, असं न्यायालयाने सांगितलं.

या वादात एक आकडा दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या तोंडावर फेकला. जातिभेदाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. एक बाजू म्हणते, बघा, दुपटीहून वाढल्या. दुसरी म्हणते, चार कोटींवर विद्यार्थ्यांत ३७८ म्हणजे किस झाड की पत्ती. मला तर या आकड्यावरून एवढंच कळतं की दरवर्षी शे-चारशे जणांना तक्रार करायचं धाडस झालं. तक्रारीला सांगता येईल अशी घटना लागते, बोट दाखवता येईल असा माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या हातात आपले टर्मवर्कचे मार्क नसावे लागतात. अभियांत्रिकीत हा योग दुर्मीळच.

मी एका सरकारी कॉलेजात अभियांत्रिकीची चार वर्षं काढली. पहिल्या वर्षी वर्कशॉप असे. फिटिंगचा जॉब म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, हॅकसॉने कापायच्या, कानशीने घासून घासून काटकोनात आणायच्या आणि एकीचं टोक दुसरीच्या खाचेत उजेड न दिसता बसवायचं. या जोडाला सगळे बिनदिक्कत ‘मेल-फीमेल’ म्हणत. वीस जणांच्या बॅचमध्ये तीन मुली होत्या. आमचे इन्स्ट्रक्टर मायाळू गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यातल्या एकीच्या हातातून कानस काढून घेतली. म्हणाले, “बाळ, हाताला फोड येतील. तू जर्नल लिही, तुझा जॉब ही पोरं करून देतील.”

तिचं अक्षर सुरेख होतं. तिने स्वतःचं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, लिहिलं, शिवाय आमच्या चौघांची लिहिली. आम्ही तिच्या पट्ट्या घासून दिल्या. सबमिशन वेळेत झालं, सगळे खूश. पुढे लेथवर तेच, वेल्डिंगला तेच, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही तेच. आम्ही सर्किट जोडलं, तिने रिपोर्ट टाइप केला, स्पायरल बायंडिंग करून आणलं. एक्स्टर्नल परीक्षकांनी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, आम्हाला मोटर का तापते ते विचारलं आणि तिला म्हणाले, “प्रेझेंटेशन छान केलंय हं.” ती आज एका बँकेत आहे. तिने तक्रार कधीच केली नाही. करायची तरी कोणाविरुद्ध? त्या मायाळू इन्स्ट्रक्टरविरुद्ध, की आमच्याविरुद्ध?

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या समाजशास्त्रज्ञ सुझन सिल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी, ओलिन, स्मिथ आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ या चार ठिकाणच्या अभियांत्रिकीच्या चाळीसहून अधिक विद्यार्थ्यांना रोजनिशी लिहायला लावली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जे निघालं ते वाचून मला आमचं वर्कशॉप आठवलं. मुली उत्साहाने येतात, मार्क चांगले मिळवतात. पण गटात काम करायची वेळ आली की अवघड भाग मुलगे वाटून घेतात आणि टिपणं काढणं, कामाची यादी करणं मुलींकडे येतं. उन्हाळी इंटर्नशिपमध्येही तसंच. दोन-तीन वर्षांत त्यांचं मन या व्यवसायावरून उडू लागतं. त्याच चमूने पुढे नोंदवलेली गोष्ट मला जास्त बोचते. ज्यांना हे सोसावं लागलं, त्या मुलींनाच यात अन्याय दिसत नव्हता. ज्याची लायकी तो पुढे जातो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

लायकी हा अभियांत्रिकीचा कुलदेव आहे. आणि हा देव रँकमध्ये बसतो.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते कोड ठाऊक आहेत. ‘जीओपनएच’, ‘जीएससीएस’, ‘एलओपनएस’. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, पुढे जागेचा प्रवर्ग. संगणकाला जागा वाटायला हे कोड हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण यादी लागली की कोड नावाला कायमचा चिकटतो. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या कट्ट्यावर विचारणा होते, “पर्सेंटाइल किती?” उत्तर आलं की विचारणारा मनातल्या मनात कटऑफशी ताळा करतो आणि जात न विचारता जात काढतो. ज्याने स्वतःहून सांगितलं नाही, त्याचं नाव दिवाळीआधी नोटीस बोर्डवर लागतंच: ‘खालील विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज अपूर्ण आहेत.’ काही ठिकाणी शिपाई चालू तासाला वर्गात येऊन ती नावं मोठ्याने वाचतो. त्याच्या मनातही काही वाईट नसतं. त्याला फक्त फायली पूर्ण करायच्या असतात.

पवईला हे सगळं टिपेला गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या समितीला थेट जातिभेदाचा ठोस पुरावा मिळाला नाही. कुटुंबाने तो निष्कर्ष साफ नाकारला. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या: सहाध्यायाला जेईईची रँक किंवा गेटचा स्कोअर विचारणं अनुचित आहे, कारण त्यातून जात काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. तेव्हा अनेकांनी याची टर उडवली. रँक विचारायलाही बंदी? मला ती सूचना त्या संस्थेने काढलेल्या सर्वांत प्रामाणिक कागदांपैकी एक वाटते. पुरावा सापडत नाही असं म्हणणाऱ्या संस्थेनेच तो कुठे सापडतो, ते लिहून दिलं.

मानववंशशास्त्रज्ञ अजंता सुब्रमण्यन यांनी आयआयटी मद्रासवर ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे अख्खं पुस्तकच लिहिलं (२०१९). त्यांच्या मांडणीचा पहिला भाग आपल्याकडे चर्चेत येतच नाही. लोहार, सुतार, गवंडी या हाताने काम करणाऱ्या जातींकडे तंत्र होतं. इंग्रजांच्या काळात अभियांत्रिकी कार्यशाळेतून उठून कॉलेजात आली, पदवीची झाली, सरकारी हुद्द्याची झाली, आणि तिथे पोचले ते लेखणीवाले. ज्यांच्या पिढ्यांनी कानस धरली त्यांची मुलं आयटीआयच्या दारात थांबली. मग पदवीवाल्यांनी आपल्या वारशाला ‘मेरिट’ म्हटलं आणि उरलेल्यांकडे फक्त ‘कॅटेगरी’ राहिली. हे वाचल्यावर मला आमचा थेट दुसऱ्या वर्षाला आलेला एक डिप्लोमावाला मित्र आठवला. त्याच्या वडिलांचा गावात भाता होता. वर्गात लेथवर हात बसलेला तो एकटाच. व्हायवाला मात्र इंग्रजीत ततपप व्हायचं, आणि स्टाफरूममध्ये त्याची ओळख एवढीच: “डिप्लोमाचा आहे, मराठी मीडियम.” २०२१ पासून जेईई मेन मराठीतून देता येते, हे चांगलंच आहे. पण त्यानंतरची चार वर्षं व्हायवा इंग्रजीतच होतो.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र लबाडी ठरेल. आयआयटींत बी.टेक.ला २०१६ च्या सुमारास मुली जेमतेम आठ टक्के होत्या. टिमथी गोन्साल्विस समितीच्या शिफारशीवरून मुलींसाठी वाढीव जागा केल्या. मुलांची एकही जागा न घेता, २०१८ ला १४, पुढच्या वर्षी १७ आणि २०२० ला २० टक्के. आकडा गाठला. पण गाठला तो तिथेच बसला. जी किमान मर्यादा होती ती कमाल होऊन बसली. महाराष्ट्रानेही २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. त्याचं महत्त्व जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन पाहावं. पैसा किती खरा अडसर असतो हे सप्टेंबर २०२४ मध्ये दिसलं. मुजफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादमधली जागा १७,५०० रुपये वेळेत भरता न आल्यामुळे गेली आणि ती परत मिळवायला सर्वोच्च न्यायालयाला कलम १४२ वापरावं लागलं.

म्हणजे दारापर्यंतचं काम थोडंफार होतंय. दारातून आत आल्यावर काय होतं, त्याचे हिशेब कोणी ठेवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की पाच वर्षांत आयआयटींमधून ओबीसी २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि अनुसूचित जमातींचे ४०८ विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून गेले. त्यावर नेहमीचं उत्तर असं, की विद्यार्थी आपल्या मर्जीने दुसऱ्या अभ्यासक्रमाला जातात. जात असतीलही. पण इंजिनिअर घडवणाऱ्या संस्थेने एखादा बेअरिंग वारंवार एकाच जागी झिजताना पाहिला असता, तर ‘त्याची मर्जी’ म्हणून सोडून दिलं असतं का?

इथे मला एमआयटीच्याच नॅन्सी हॉपकिन्स आठवतात. त्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक. झेब्रा माशांवर संशोधन सुरू करायला त्यांना टाक्यांसाठी दोनशे चौरस फूट जागा हवी होती. मिळेना. सांगून ऐकेनात, तेव्हा त्यांनी मोजपट्टी घेतली आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. आपल्यापेक्षा कनिष्ठ पुरुषांनाही जास्त जागा आहे, हे चौरस फुटांत कागदावर आलं. मग इतर प्राध्यापिकांशी बोलणं झालं. विज्ञान शाखेत कायम नेमणुकीवर अवघ्या १५ महिला होत्या आणि पुरुष दोनशेच्या आसपास. १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला, आणि अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी भेदभाव झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मोजपट्टी हातात येईपर्यंत या हुशार बायकांपैकी प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच काहीतरी कमी पडतंय.

नव्या नियमांना विरोध करणाऱ्या मुलांची भीती मी झटकून टाकणार नाही. वीस वर्षांच्या पोरावर खोटा ठपका बसला तर त्याचं वर्ष जातं, कधी नावही जातं. न्यायालयाने भाषा नीट करायला लावली तर बिघडत काहीच नाही. पण भाषा कितीही नीट केली तरी कानस काढून घेणारे इन्स्ट्रक्टर त्या नियमात बसणार नाहीत, नावं वाचणारा शिपाईही नाही. त्यांना पथक नको, हेल्पलाइन नको. तिथे मोजपट्टी हवी, आणि मोजणं हा तर आपला धंदा आहे.

एखाद्या विभागप्रमुखाने मनावर घेतलं तर हे पुढच्या सत्रात होईल. प्रॅक्टिकलला कोण यंत्रावर होता आणि कोण वहीवर, ते हजेरीपटावर लिहा आणि दर आठवड्याला पाळी फिरवा. शिष्यवृत्तीचा निरोप ज्याचा त्याच्या मोबाइलवर पाठवा. व्हायवात मराठीत दिलेलं बरोबर उत्तर बरोबर धरा. वर्षाअखेर केटी आणि इयर डाउनचे आकडे मुली, प्रवर्ग, डिप्लोमा असे वेगवेगळे काढा आणि स्टाफ मीटिंगमध्ये सर्वांसमोर ठेवा. यातल्या कशालाही यूजीसीची परवानगी लागत नाही, न्यायालयाची स्थगितीही आड येत नाही.

आणि तुमच्या घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल, तर आज रात्री जेवताना मार्क विचारू नका. प्रोजेक्टचा रिपोर्ट कोणी टाइप केला, एवढंच विचारा. मुलगा असेल तर जरा आग्रहाने विचारा.