सोन्याचे पान, झाडाची ठेव

हैदराबादच्या काचीगुड्यात दसऱ्याला दोन झाडांची पाने हातोहात फिरतात. १९१६ साली उभ्या राहिलेल्या इथल्या स्थानकातून निजामाबाद, नांदेड, औरंगाबाद, मनमाड अशी गाडी जात असे आणि १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. त्यामुळे या भागातल्या मराठी घरांत आपट्याचे सोने वाटले जाते, तर तेलुगू शेजारी ‘जम्मी’, म्हणजे शमीची पाने थोरांच्या हाती देऊन आशीर्वाद घेतात. शमी हा तेलंगणचा राज्यवृक्षच आहे. दोन्ही झाडे शिंबावंत कुळातली आणि दोन्हींच्या पानांना आपण सोन्याचा मान देतो. हा मान वनस्पतिशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. मात्र तो खरा मानायचा असेल तर पान कधी तोडले जाते आणि पानासोबत आणखी काय तुटते, याचा विचार करावा लागेल.

दरवर्षी होणारा युक्तिवाद असा, की पाने उन्हाळ्याच्या तोंडी गळणारच, मग आश्विनात तोडली तर बिघडले कुठे? गळलेले पान आणि तोडलेले पान यांतला फरक इथे निसटतो. पान म्हणजे झाडाने नत्रात केलेली गुंतवणूक. हरितद्रव्याच्या रेणूत नत्र असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर घडवण्याच्या कामाची सुरुवात करणारे रुबिस्को हे प्रथिन तर पानातल्या नत्राचा फार मोठा वाटा अडवून बसलेले असते. पान गळण्यापूर्वी झाड ही प्रथिने आणि हरितद्रव्य मोडते आणि त्यांतला साधारण निम्मा नत्र फांदीत परत ओढून घेते. हिरवेपणा ओसरून पान पिवळे पडते ते याच वसुलीच्या काळात. पुढच्या पालवीचे भांडवल त्यातून उभे राहते. दसरा येतो पावसाळा सरता सरता. तेव्हा पान भरात असते आणि वसुली सुरूही झालेली नसते. म्हणून फाल्गुनात गळलेले पान बरेचसे रिकामे असते, तर आश्विनात तोडलेले पान पूर्ण ठेवीसकट जाते.

यावर जाणकार म्हणतील, शिंबावंत झाडांना नत्राची काय ददात? त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पुरवतातच. शमीच्या बाबतीत हे बरोबर आहे. आपट्याच्या बाबतीत मात्र नाही. कूळ तेच असले तरी आपट्याच्या प्रजातीत अशा गाठी सहसा आढळत नाहीत, त्यामुळे त्याला नत्र जमिनीतूनच मिळवावा लागतो. शहरात पदपथाच्या कडेला, काँक्रीटच्या चौकोनात अडकलेल्या झाडाखाली तर गळलेला पालाही झाडून नेला जातो, म्हणजे कुजून मिळणारा नत्रही बंद. तेव्हा दोन झाडांचे सोने एकाच भावाने मोजता येत नाही. आपट्याचे पान झाडाला अधिक महाग पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राजस्थानात शमीला खेजडी म्हणतात. तिथले शेतकरी चाऱ्यासाठी ती वर्षानुवर्षे छाटतात, तरी झाड जगते. हे खरे आहे आणि त्यातून शमीचा चिवटपणा दिसतो. तिची मुळे फार खोल जातात आणि उन्हाळ्यापूर्वीच तिला नवी पालवी फुटते. पण तिथेही छाटणीची किंमत दिसतेच. सरसकट छाटलेल्या झाडाला शेंगा फारशा धरत नाहीत. शिवाय ती छाटणी मोठ्या झाडांची, हिवाळ्यात आणि पुढेही त्याच झाडावर अवलंबून राहणाऱ्या माणसाच्या हातून होते. बाजारात ढीग लावण्यासाठी कोवळ्या झाडाच्या फांद्या ओरबाडणाऱ्याला पुढच्या वर्षाची अशी फिकीर नसते.

म्हणून सोने वाटणे बंद करा, असा निष्कर्ष निघत नाही. प्रत्येक पानाच्या देठाशी, बगलेत, एक डोळा असतो. नुसते पान खुडले तर डोळा फांदीवरच राहतो आणि त्यातून नवा फुटवा येऊ शकतो. फांदी मोडली की तिच्यावरचे सगळे डोळे एकदम जातात. मोठ्या झाडाची दहा पाने दहा ठिकाणांहून खुडली तर झाडाचे नुकसान नगण्य. तीच दहा पाने एक फांदी मोडून घेतली तर पुढच्या हंगामाची वाढच कापली जाते. आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. एकमेकांना देण्यासाठी माणशी एक पान पुरते, त्यासाठी जुडीची गरज नाही. काचीगुड्यातल्या वसाहतींनी, देवळांनी आणि मंडळांनी आवारात एक आपटा आणि एक शमी लावून, त्यांच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवून, त्यांचाच पाला तिथे कुजू दिला, तर दोन्ही परंपरांना आपापले सोने घरच्या घरी मिळेल आणि झाडाची ठेवही मोडणार नाही.