पृथ्वीची कक्षा का फुगत नाही?

विश्वाचे प्रसरण होत आहे हे आता शालेय पुस्तकांतही वाचायला मिळते. परंतु अवकाशच ताणले जात असेल तर पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षाही रुंदावत असली पाहिजे, ही त्यातून उद्भवणारी शंका बहुधा अनुत्तरित राहते. शंका रास्त आहे आणि ती आकड्यांनी तपासता येते.

जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या आणि एडविन हबल यांच्या १९२९ मधील निरीक्षणांनी बळकट झालेल्या निष्कर्षानुसार, दूरच्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे प्रचंड समूह, जितक्या लांब तितक्या अधिक वेगाने दूर जात आहेत. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. हेच प्रमाण सूर्य-पृथ्वी यांच्यातील १५ कोटी किलोमीटरना लावले, तर ते अंतर वर्षाला १० मीटरहून थोडे अधिक वाढायला हवे. मंगळावरील यानांशी होणाऱ्या रेडिओ संदेशांच्या प्रवासकाळावरून ग्रहांची अंतरे काही मीटरपर्यंत अचूक कळत असल्याने एवढी वाढ लपून राहणे अशक्यच होते. ती आढळलेली नाही. सूर्य प्रकाश आणि सौरवारा यांच्या रूपाने वस्तुमान गमावत असल्यामुळे कक्षा रुंदावते खरी, पण वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटर.

चंद्राच्या बाबतीत मात्र एक फसवा योगायोग आहे. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये तेथे ठेवलेल्या परावर्तकावर लेसर किरण सोडून केलेल्या मोजणीतून चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जात असल्याचे दिसते, आणि प्रसरणाचा दर सरळसोट लावला तर उत्तर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. आकडे जवळचे असले तरी कारण निराळे आहे: समुद्राच्या भरतीमुळे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला खीळ बसते आणि तिने गमावलेली फिरण्याची गती चंद्राच्या कक्षेला मिळते.

मुळात प्रसरण म्हणजे वस्तूंना बाहेर खेचणारे बल, ही समजूतच चुकीची आहे. आरंभी सर्व द्रव्य एकमेकांपासून दूर जात होते आणि गुरुत्वाकर्षण त्या गतीला लगाम घालत होते. जेथे द्रव्य दाट होते तेथे गती थांबून उलटली आणि द्रव्य आत कोसळून दीर्घिका बनल्या. वर फेकलेला चेंडू जमिनीवर येऊन पडल्यावर त्याच्यात फेकीचा वेग उरत नाही, तसाच हा प्रकार. सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी अशाच कोसळलेल्या वायुमेघातून जन्मलेल्या सूर्यमालेकडे प्रसरणाचा वारसा आलाच नाही. अल्बर्ट आइन्स्टाइन आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी १९४५ मध्ये व्यापक सापेक्षतावादाच्या आधारे गणित मांडून दाखवले, की प्रसरणशील विश्वातील गोलाकार पोकळीत एकच तारा असेल, तर त्याच्या ग्रहांना भोवतालच्या प्रसरणाचा पत्ताही लागत नाही.

१९९८ मध्ये प्रसरण वेगावत असल्याचे उघड झाले. त्यामागे मानली जाणारी कृष्ण ऊर्जा रिकाम्या अवकाशातही असल्याने ती सूर्यमालेतही खरोखरच बाहेरच्या दिशेने रेटते; परंतु पृथ्वीच्या अंतरावर तो रेटा सूर्याच्या ओढीला १ वर २२ शून्ये असलेल्या संख्येने भागावे इतका क्षीण आहे. शिवाय ही ऊर्जा सर्वकाळ सारखीच राहत असेल, तर त्याने कक्षा वर्षानुवर्षे वाढत जात नाही, फक्त कल्पनेपलीकडच्या सूक्ष्म प्रमाणात मोठी ठरते. गुरुत्वाकर्षणाची ही सत्ता सूर्यमालेपुरतीच नाही: सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेपासून दूर जात नसून सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने तिच्याकडे येत आहे.