जुना पंप, गहाळ भाग

अमेरिकेत उन्हाळा सरला की जमिनीवर उभारावयाच्या पोहण्याच्या तलावांचे पंप व गाळणयंत्रे अल्प किमतीस विक्रीस निघतात; परंतु अशा जिनसांबरोबर सुटे भाग क्वचितच येत असल्याने, यंत्रावरील पट्टीवरून नमुना-क्रमांकाची खातरजमा करून निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकृतीशी प्रत्येक भाग ताडून पाहणे इष्ट. उदाहरणार्थ, इंटेक्स या कंपनीच्या लहान पंपांची नळी सव्वा इंची (३२ मिमी), मोठ्यांची दीड इंची (३८ मिमी). तेव्हा हरवलेली जोडणी अंदाजाने मागवणे व्यर्थ. वाळूच्या गाळणीत तळाशी असलेल्या, बारीक चिरांच्या आडव्या नळ्यांपैकी एखादी जरी तुटलेली वा गहाळ असली, तरी वाळू परतीच्या पाण्याबरोबर थेट तलावात उतरते, आणि नवा मालक दोष बिचाऱ्या वाळूस देतो. रबरी कड्यांना सिलिकॉनचेच वंगण द्यावे. खनिज तेलाने काही जातींचे रबर फुगते. पंप कोरडा चालवून दाखवण्याचा विक्रेत्याचा उत्साहही आवरावा, कारण पाण्यावाचून आसाचे सील तापून निकामी होते. विजेच्या बाबतीत मात्र काटकसरीस मुभा नाही: तेथील राष्ट्रीय विद्युत-संहितेचे ६८० वे कलम तलावाच्या पंपास, प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे संरक्षण आवश्यक मानते; आणि प्लगची अर्थिंगची पिन कापलेली आढळल्यास पंपाची वायर समूळ बदलावी.